उंच इमारतीवरचा उजेड



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी पाढे म्हटले, त्याच शाळेने मला या स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नव्हे, दिवे लावणारा माणूस आहे. इमारतींना रात्री बाहेरून उजेड कसा द्यावा, कोठे द्यावा आणि किती द्यावा, हे ठरवण्याचे काम मी गेली पस्तीस वर्षे मुंबईत राहून करीत आलो. मुख्याध्यापकांनी विषय विचारला तेव्हा मी 'अरुंद व अतिउंच निवासी इमारतींची बाह्य प्रकाशयोजना' असे कळवले. विषयाचे नाव थोडे सुटसुटीत करता येईल काय, असे त्यांचे उलट टपाली पत्र आले. नाव बदलले आहे. विषय मात्र तोच आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या आमच्या मास्तरांनी मला उजेड मोजायला शिकवले. गावात वीज नुकतीच आली होती आणि आल्यापेक्षा गेलेलीच अधिक असे. शाळेच्या प्रयोगशाळेत म्हणण्यासारखी उपकरणे नव्हती. मास्तरांनी एक कोरा कागद घेतला, त्याच्या मध्यभागी खोबरेल तेलाचा थेंब सोडला आणि तो कागद चौकटीत उभा केला. कागदाच्या एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूलाही मेणबत्ती. मागचा उजेड जास्त असेल तर तेलाचा डाग उजळ दिसतो, पुढचा जास्त असेल तर काळपट दिसतो, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या की डाग जवळजवळ नाहीसा होतो. मग त्यांनी एक मेणबत्ती एका फुटावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर एकामागून एक मेणबत्त्या वाढवीत नेल्या. दोन झाल्या, तीन झाल्या, तरी डाग जाईना. चौथी पेटवली आणि डाग गेला. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हे आम्ही पाठ केले नाही, पाहिले. पुढे माझे सगळे पोट या चार मेणबत्त्यांवर चालले.

आता ज्या इमारतींविषयी बोलायचे, त्या कशा असतात ते सांगतो. त्यांची ठळक उदाहरणे न्यूयॉर्कमधली. तेथील मॅनहॅटन बेटावर सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला गेल्या पंधरा-वीस वर्षांत काड्यांसारखे मनोरे उभे राहिले. २०१५ साली पूर्ण झालेली '४३२ पार्क अव्हेन्यू' ही राफाएल विन्योली या वास्तुरचनाकाराची इमारत १३९६ फूट, म्हणजे सुमारे ४२६ मीटर उंच आहे आणि तिची प्रत्येक बाजू अवघी ९३ फुटांची. दर बारा मजल्यांनंतर दोन मजले मोकळे सोडले आहेत. वारा त्यांतून आरपार जावा आणि इमारत कमी डोलावी म्हणून. तिच्याहून सडपातळ '१११ वेस्ट ५७ वा रस्ता' ही. शॉप आर्किटेक्ट्स या संस्थेने रचलेली, उंची १४२८ फूट, आणि रुंदीच्या सुमारे चोवीसपट उंची. तिच्या माथ्याजवळ डोलणे आवरण्यासाठी आठशे टनांचे वजन बसवले आहे. एवढा सारा खटाटोप किती घरांसाठी? मनोरा आणि त्याच्या पायथ्याची स्टाइनवे पियानोवाल्यांची १९२५ सालची जुनी वास्तू मिळून अवघ्या साठ.

अशी इमारत रात्री उजळायची म्हणजे काय, हे समजण्यासाठी तिच्या एका पूर्वजाकडे पाहिले पाहिजे. एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. न्यूयॉर्कमध्ये १९१६ च्या नियमाप्रमाणे इमारतीला वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरावे लागे, म्हणजे खाली रस्त्यावर ऊन पोहोचे. त्या नियमामुळे इमारतीला पायऱ्या मिळाल्या, आणि पायऱ्यांमुळे दिवेवाल्यांना जागा मिळाली. १९६४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिचे वरचे तीस मजले झोतदिव्यांनी उजळले. १९७६ मध्ये त्या दिव्यांना रंग आले. २०१२ पासून तेथे एलईडी आहेत. प्रत्येक पायरीवर दिवा ठेवावा, वर तोंड करावे, भिंत उजळते. सोपे आहे.

सडपातळ मनोऱ्याला पायरीच नसते. तो जमिनीपासून आकाशापर्यंत सरळ जातो. मग दिवा ठेवायचा कोठे? कोणीही प्रथम म्हणेल, खाली जमिनीवर. येथे मास्तरांच्या मेणबत्त्या आडव्या येतात. समजा, भिंतीपासून दहा मीटर अंतरावर दिवा ठेवला आणि सर्व दिशांना सारखाच झोत दिला. दहा मीटर उंचीवर दिव्यापासूनचे अंतर सुमारे चौदा मीटर. शंभर मीटर उंचीवर ते शंभराहून किंचित अधिक. अंतर सातपट, म्हणून उजेड पन्नासावा हिस्सा. पण तेवढेच नाही. वर जाताना किरण भिंतीला समोरून न भिडता घासून जातात, त्यामुळे तोच उजेड आणखी सातपट मोठ्या क्षेत्रावर पसरतो. एकूण साडेतीनशेपट घट. अर्थात वरच्या टोकासाठी अरुंद झोत घेऊन आणि जोर वाढवून आम्ही ही घट भरून काढण्याचा प्रयत्न करतो. पण अरुंद झोतसुद्धा अरुंद मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी निसटतो. भिंत जितकी बारीक, तितका उजेड वाया. जो भिंतीवर पडत नाही तो आकाशात जातो, आणि वाटेत कोणाची खिडकी असेल तर तिच्यात.

म्हणून दिवे इमारतीच्या अंगावरच बसवावे लागतात: दर काही मजल्यांनी, एखाद्या खाचेत किंवा पट्टीआड, लहान लहान. हे शिकायला मला परदेशी जावे लागले आणि परत आल्यावर लाज वाटली. कारण हे मी लहानपणी रोज पाहत होतो. मंगेशीच्या देवळासमोरचा सातमजली दीपस्तंभ आपल्यापैकी कोणी पाहिला नाही? तो बाहेरून उजळत नाही. त्याच्या कोनाड्या-कोनाड्यांत दिवा ठेवतात. प्रत्येक दिवा आपल्यापुरती चुन्याची भिंत उजळतो आणि सगळे मिळून स्तंभ दिसतो. सडपातळ मनोऱ्याच्या प्रकाशयोजनेचे मूळ सूत्र हेच आहे. आणखी एक गोष्ट त्या स्तंभात होती, जी माझ्या ध्यानात फार उशिरा आली. पणतीतले तेल संपले की ती विझे. दिवे किती वेळ जळावेत याचा निर्णय तेलानेच घेतलेला असे.

भिंत चुन्याची आहे हेही महत्त्वाचे. काचेवर उजेड टाकून काही दिसत नाही. निम्मा आत जातो, उरलेला आरशासारखा भलतीकडे परततो, आणि पाहणाऱ्याला इमारत काळीच दिसते. आपल्याकडचे बिल्डर सगळी इमारत काचेने मढवतात आणि मग आम्हांला सांगतात, ती चमकली पाहिजे. '१११ वेस्ट ५७'च्या पूर्व-पश्चिम अंगांवर भाजक्या मातीच्या उभ्या पट्ट्या आणि कांस्याची जाळी आहे. त्या मातीला उजेड धरून ठेवता येतो. '४३२ पार्क'ची काँक्रीटची चौकट आहे, तीही चालते. निव्वळ काच असेल तर कडेच्या पट्ट्या, माथा आणि तळमजला एवढेच आमच्या हाती उरते. असे स्पष्ट सांगितल्यामुळे माझी दोन-तीन कामे गेली आहेत.

देखभालीची गोष्ट फार लांबवत नाही. एलईडी दिव्याचे आयुष्य पन्नास हजार तास सांगतात. रोज सहा तास धरले तर बावीस-तेवीस वर्षे झाली. कागदावर. प्रत्यक्षात दिव्याला वीज पुरवणारा छोटा संच उष्णतेने, खाऱ्या हवेने, विजेच्या झटक्याने कितीतरी आधी जातो. तो बदलायला दोनशे मीटर उंचीवर झुल्यात बसून माणूस पाठवावा लागतो, आणि वारा असेल तर तो झुला सोडत नाहीत. म्हणून अनेक मनोऱ्यांवर दातांतला एखादा दात पडावा तसा मधलाच एक दिवा महिनोन् महिने बंद दिसतो. असे दिसले की माझे व्यवसायबंधू मान फिरवतात, मीही फिरवतो.

आता प्रश्न असा की, हा सगळा उजेड हवा कोणाला? कचेरीच्या इमारतीत रात्री आतले दिवे ओळीने जळतात, तिला बाहेरच्या दिव्यांची फारशी गरज नसते. घरांच्या इमारतीत कोणी पडदा ओढतो, कोणाचा दिवा पिवळा, कोणाचा पांढरा. ती एक प्रकारची सुंदर अव्यवस्था असते. पण अतिमहागड्या मनोऱ्यांतली बरीच घरे गुंतवणूक म्हणून घेतलेली असतात. मालक दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात. खिडक्या काळ्या. मग विकणाऱ्याला वाटते, निदान बाहेरून तरी इमारत जिवंत दिसावी. आमच्या धंद्यात हे कोणी मोठ्याने बोलत नाही; पण रिकामे घर भरलेले भासवण्यासाठी आम्हांला किती वेळा बोलावतात, हे मी जाणतो. आत राहणाऱ्याला तर बाहेरचा उजेड नकोच असतो. त्याच्या शयनगृहात तो जाऊ नये म्हणून आम्ही संगणकावर खिडकी-खिडकीचा हिशेब करतो.

माझ्या हातून झालेली एक चूक मला येथे सांगितली पाहिजे.

मुंबईत गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जागांवर जे मनोरे उठले, त्यांपैकी एकाचे काम २०१४ साली माझ्याकडे होते. दोनशे मीटरांहून उंच आणि चांगलाच सडपातळ. खालचे दहा मजले वाहनतळाचे, त्यांच्या गच्चीवरून मनोरा निघतो. पूर्वेच्या अंगावर एक उभी दगडी पट्टी होती. तिच्या खालच्या भागासाठी मी वाहनतळाच्या गच्चीवर अरुंद झोताचे दिवे ठेवले, वरच्या भागासाठी अंगावरचे. मनोऱ्यातल्या एकाही खिडकीत एक लक्सपेक्षा जास्त उजेड जाणार नाही, याची मी स्वतः खात्री केली होती. ऑक्टोबरात चाचणी सुरू झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी साइटच्या कचेरीत एक वयस्क बाई आल्या. समोरच्या चाळीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहत. रखवालदार त्यांना आत सोडीत नव्हता; मी तेथेच होतो म्हणून आल्या.

"साहेब, तो दिवा तुमचा?" त्यांनी विचारले.

मी हो म्हटले.

"आम्ही रात्री घरातला दिवा मालवतो, तरी अंधार होत नाही. हा तुमचा कोणी मालवायचा?"

त्या रात्री साडेअकराला मी मापक घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. खिडकीला गोधडी टांगली होती. ती बाजूला करून मोजले तेव्हा खिडकीवर अकरा लक्स भरले. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्स असते. म्हणजे त्या खिडकीवर चाळीस पौर्णिमा. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, ज्याला आम्ही सीआयई म्हणतो, शहरातल्या नेहमीच्या वस्तीत रात्री उशिरा खिडकीवर दोन लक्स आणि अगदी झगमगाटाच्या मध्यवस्तीत पाच लक्स अशी मर्यादा सुचवलेली आहे. तो आकडा मला ठाऊक होता. मी तो मनोऱ्याच्या खिडक्यांना लावला होता, चाळीच्या खिडक्यांना लावला नव्हता. घरी येऊन नकाशा उघडला. चाळीच्या जागी एक करड्या रंगाचा आयत होता. त्याला खिडक्याच काढलेल्या नव्हत्या. तो नकाशा माझ्या कचेरीत तयार झाला होता आणि त्यावर सही माझी होती.

कारण शोधायला दोन दिवस लागले. दिव्यांचा थोडा भाग दगडी पट्टी चुकवून शेजारच्या काचेवर पडत होता आणि काच तो आरशासारखा चाळीकडे परतवीत होती. आम्ही आठ दिवे वळवले, त्यांच्या तोंडाशी आडोशाच्या पट्ट्या बसवल्या, जोर एक तृतीयांशाने उतरवला. खर्च, त्या इमारतीच्या मानाने, चहापाण्याचा. खरा वाद झाला तो वेळेवरून. अकरा वाजता सगळे दिवे बंद करावेत असे मी म्हणालो. विकासकांचे म्हणणे, जाहिरातीच्या पुस्तिकेतले चित्रच रात्रीचे आहे. शेवटी अंगावरचे दिवे अकराला आणि माथ्याचे बाराला, असे ठरले. पुन्हा मोजले तेव्हा चाळीच्या खिडकीवर एक लक्सही भरला नाही. मी ते सांगायला गेलो. गोधडी तशीच टांगलेली होती. आता काढायला हरकत नाही, असे म्हटले, तर त्या म्हणाल्या, "असू दे. दिवाळीला परत लावाल."

दिवाळीत पाच रात्री मनोरा पहाटेपर्यंत रंग बदलत होता. माझा त्यावर अधिकार नव्हता. कळ दुसऱ्याच्या हातात होती.

रंगांविषयी माझे मत कडवट आहे, हे एव्हाना आपल्या ध्यानात आले असेल. पूर्वी वीज महाग आणि दिवे तापणारे, म्हणून हात आखडता राही. एलईडीने तो धाक काढून घेतला. जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी शक्य केला आणि त्यासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना योग्यच मिळाले; पण त्या निळ्याने आम्हांला पिसे लावले. निळा प्रकाश हवेत पिवळसर-नारिंगीपेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो, म्हणून आकाश अधिक धुरकट उजळते. आणि शरीराला दिवस आहे असे सांगणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी निळ्यालाच सर्वांत लवकर फसतात. दगडाला किंवा मातीला २७०० ते ३००० केल्विनचा ऊबदार प्रकाश शोभतो आणि शेजाऱ्यालाही तो कमी टोचतो. रंग बदलणारा मनोरा पाहिला की मला जत्रा आठवते. जत्रा मला आवडते. पण ती संपते.

चाळीतल्या बाई कचेरीत येऊन बोलू शकल्या. ज्यांना येता येत नाही त्यांच्याविषयीही सांगायला हवे. न्यूयॉर्कमध्ये दर ११ सप्टेंबरला, पाडल्या गेलेल्या जोडमनोऱ्यांच्या स्मरणार्थ, सात-सात हजार वॅटचे ८८ दिवे दोन झोत आकाशात सोडतात. तो झोत मीही पाहिला आहे. मन भरून येते. पण ते दिवस पक्ष्यांच्या स्थलांतराचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात वर्षांतल्या अशा सात रात्रींत सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज मांडला आहे. ते झोतात शिरून गोल गोल फिरत राहतात, थकतात, काचांवर आदळतात. झोतात हजाराहून अधिक पक्षी दिसले की दिवे वीस मिनिटे बंद ठेवतात, आणि बंद होताच काही मिनिटांतच पक्षी आपल्या वाटेने निघून जातात. मृतांच्या स्मरणाचा दिवासुद्धा विझवता येतो. मग घरे विकणाऱ्यांचा का विझवता येऊ नये?

शिकागोमध्ये तळ्याकाठच्या मॅकॉर्मिक प्लेस या इमारतीवर आदळून मेलेले पक्षी वर्षानुवर्षे गोळा करून नोंदले गेले. २०२१ चा निष्कर्ष असा की, तिच्या निम्म्या खिडक्या काळ्या ठेवल्या तरी मृत्यू सुमारे साठ टक्क्यांनी घटतील. ५ ऑक्टोबर २०२३ ला एका रात्रीत तेथे हजाराच्या आसपास पक्षी मेले. पुढच्या वर्षी काचांवर ठिपक्यांचा पडदा चिकटवला आणि मृत्यू फार खाली आले. ती इमारत उंचही नाही. उंच इमारतीवर कायद्याने लागणारा एकच दिवा असतो, विमानांसाठीचा तांबडा. त्याच्याविषयीही २००९ च्या मिशिगनमधल्या अभ्यासाने दाखवले आहे की, दूरसंचाराच्या मनोऱ्यांवर स्थिर तांबड्या दिव्यांऐवजी फक्त लुकलुकणारे ठेवले तर पक्ष्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. वैमानिकालाही लुकलुकणारा दिवा चांगला दिसतो. त्याच्याभोवती आम्ही रंगांचा गोंधळ घातला नाही म्हणजे झाले.

२०१४ नंतर माझ्या कचेरीतल्या प्रत्येक नकाशात समोरच्या घरांच्या खिडक्या काढलेल्या असतात. मजले मोजून, रस्त्यावर उभे राहून. त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. अनेकदा खिडक्या काढून झाल्यावर असे दिसते की, मनोऱ्याच्या एका बाजूला दिवाच नको. ती बाजू काळी ठेवा, असे सांगण्यासाठी मी शुल्क कसे आकारतो, असा प्रश्न एका बिल्डरने मला हसत विचारला होता. मी त्यांना बिल पाठवले. त्यांनी निम्मे दिले.

त्या बाई आता चाळीत नाहीत, चाळही नाही. तेथे दुसऱ्या मनोऱ्याचा पाया खोदला जात आहे आणि त्याचे काम माझ्याकडे नाही.

मास्तरांचा तेलाच्या डागाचा कागद काही मला मिळाला नाही. पण तसाच एक मी काल रात्री करून आणला आहे आणि बाहेर व्हरांड्यात पाच मेणबत्त्यांसह मांडून ठेवला आहे. ज्या मुलांना पाहायचा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर यावे. तेवढा वेळ व्हरांड्यातला दिवा बंद ठेवावा, अशी मी शिपाईमामांना विनंती केली आहे.